तिसऱ्या हाकेचं उत्तर

रविवार, ८ जानेवारी २००६. सेम्बावांग.

पोहोचलो. विमान अकरा मिनिटं लवकर उतरलं. एम्प्लॉयमेंट पासचं पत्र, फोटो, दाखले सगळं मी क्रमानं लावून ठेवलं होतं, त्यामुळे खिडकीमागच्या बाईला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. शेजारच्या रांगेत एक एम.टेक. तरुण पिशवी उलटीपालटी करून कागद हुडकत होता. असो.

खोली सुबोधरावांच्या फ्लॅटमध्ये, सातव्या मजल्यावर. सुबोधराव बँकेत अकाउंटंट, बारा वर्षं इथं, आता पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी. संजीवनीवहिनींनी आल्या आल्या पिठलं-भात वाढला आणि मीठ कमी वाटलं तर बिनधास्त सांगा म्हणाल्या. मी सांगितलं. त्यांना ते फारसं आवडलं नसावं. मुलगी श्रिया, नऊ वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत, शेवटी 'लाह' लावून. मला म्हणाली, अंकल, यू टॉक लाइक टीचर लाह. मी ते कौतुक म्हणून घेतलं.

खिडकीतून गोदीच्या क्रेन दिसतात, त्यांच्या मागे पाणी आणि पाण्यामागे मलेशिया. सुबोधराव म्हणाले, नदी ओलांडली की दुसरा देश. मी त्यांना समजावलं की ही नदी नव्हे, दोन्ही टोकांना समुद्र असलेली सामुद्रधुनी आहे, हिला भरती-ओहोटी असते. ते म्हणाले, बारा वर्षं आम्ही नदीच म्हणतो निशिकांतराव, तिनं कधी तक्रार केली नाही.

खोली नऊ फूट बाय आठ फूट दोन इंच. पुरे.

रविवार, १५ जानेवारी.

पहिला आठवडा उत्तम गेला. सेम्बावांगहून एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, जुरोंग ईस्ट, तिथून कंपनीच्या बसनं तुआस. घरापासून टेबलापर्यंत एक तास बत्तीस मिनिटं. काम जहाजांच्या पाइपांच्या ड्रॉइंगचं. गुरुवारी एका ड्रॉइंगमध्ये वाकणाचा कोन चुकलेला मी नुसत्या नजरेनं पकडला. ते तपासून सही करणारा डिग्रीवाला इंजिनिअर होता. मी अकरावीनंतर शाळा पाहिलेली नाही. सोळाव्या वर्षी माझगावला ट्रेसिंगच्या टेबलावर बसलो आणि पुढचं सगळं डोळ्यांनी आणि रात्रशाळेच्या उष्ट्या पुस्तकांतून शिकलो. कोणाकडे काही विचारायला गेलो नाही. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत ती वेळ आली नाही.

रविवार, २२ जानेवारी.

आज सुबोधरावांकडे आठ-दहा मराठी मंडळी जमली होती. मी एकशे सदुसष्ट किल्ले चढलो आहे असं कळल्यावर आग्रह झाला की काका, आम्हालाही न्या कुठेतरी, मॉलमध्ये चालून चालून पाय मऊ झालेत. मी क्रांजीपासून पश्चिमेला, सरहद्दीच्या पाण्याच्या कडेकडेनं दिवसभराची चाल सुचवली. खारफुटीतून, ओहोटीच्या वेळी, तीन नाले ओलांडत.

विक्रांत नावाचा एक तरुण आहे, मोठ्या कॉलेजचा, मॅनेजर. म्हणाला, काका, तिथं ठरलेली पायवाट आहे, पाट्या आहेत. मी म्हणालो, पायवाटेवरून पेन्शनर चालतात. सगळे हसले. तोही हसला.

प्रबोध नावाचा आयटीतला मुलगा मला आवडला. पुण्याचा, जुरोंग ईस्टला राहतो, गोल चेहरा, चष्मा, वजन जरा जास्त. त्याची बायको अनघा त्याच्या ताटलीतली तिसरी करंजी काढून स्वतःच्या ताटलीत ठेवत होती. मी सर्वांना आमच्या चालीतली पद्धत शिकवली. म्होरक्यानं मागे न बघता हाक द्यायची, 'कोण मागे?' आणि सगळ्यात शेवटच्या गड्यानं ओरडून उत्तर द्यायचं, 'मीच मागे!' शेवटचा बोलला म्हणजे मधले सगळे आलेच. डोकी मोजत बसावी लागत नाहीत. प्रबोध म्हणाला, शेवटचा मला करा काका, शाळेपासूनचा अनुभव आहे.

शनिवार, ४ फेब्रुवारी.

तयारी पूर्ण. अकरा जण, माझ्यासह. प्रत्येकी एक लिटर पाणी. फोन सगळ्यांचे माझ्या रबरी पिशवीत जमा होणार. चिखलात पडला की फोन गेला, आणि तोंडानं बोललं की माणसं चालत नाहीत.

ओहोटीचा हिशेब मांडला. रेवदंड्याच्या एका मच्छीमार तांडेलानं शिकवलेला, पंचवीस वर्षांत कधी दगा न दिलेला. तिथीला तिनानं गुणायचं, चारानं भागायचं, येईल तो भरतीचा तास. उद्या माघ शुद्ध अष्टमी. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सहाला भरती, म्हणजे दुपारी बाराला पुरती ओहोटी. विक्रांतनं फोनवर सांगितलं, काका, इथल्या बंदराचा छापील तक्ता मिळतो, नेटवरही आहे, बघून पाठवू का? मी म्हणालो, बाळा, चंद्र सगळीकडे एकच आहे.

रविवार, ५ फेब्रुवारी. संध्याकाळी सव्वासात.

९.०५ ला निघालो. 'वाट सोडू नये' अशी पाटी होती, ती मी मोठ्यानं वाचून दाखवली आणि बाजूनं उतरलो. पहिला नाला १०.०५. हाक दिली, उत्तर आलं. दुसरा नाला १०.५०. हाक दिली, उत्तर आलं. तिसरा नाला ११.४०. हाक दिली, उत्तर आलं. पाणी अपेक्षेपेक्षा लवकर चढू लागल्यानं मी पुढची चाल रद्द करून सर्वांना वरच्या रस्त्यावर काढलं. १२.२५ ला रस्त्यावर दहा जण.

प्रबोध नव्हता.

पोलीस २.१० ला आले. त्याला शेवटचं कुठं ऐकलं, असं विचारलं. मी सांगितलं, तिसऱ्या नाल्यावर. ते तिसऱ्यापासून पुढे शोधताहेत. एक बोटही आहे. अनघा चालीला नव्हती, कळल्यावर आली; रस्त्यावर उभी आहे. तिला पाणी दिलं, तिनं घेतलं नाही.

सोमवार, ६ फेब्रुवारी.

रजा घेतली. दिवसभर त्यांच्याबरोबर होतो. तिसऱ्या नाल्यापासून पश्चिमेला एक-एक झाड. एक अधिकारी म्हणाला, धट्टाकट्टा माणूस झाडावर चढून बसला, जवळ पाणी असलं, तर दोन-तीन दिवस काढू शकतो. अनघानं ते दोनदा म्हणायला लावलं.

नंतर ती माझ्याजवळ आली. म्हणाली, काका, आवाज कसा होता त्याचा? दमलेला होता का? मी म्हणालो, नाही, खणखणीत. ती रडली नाही. मान हलवली आणि 'खणखणीत' हा शब्द स्वतःशी पुटपुटत विक्रांतच्या गाडीत जाऊन बसली.

परत आल्यावर न्हाणीघरात आरशासमोर उभा राहिलो. एक वाक्य म्हणून बघायचं होतं. ते अर्धं तोंडात असतानाच बाहेरच्या गॅलरीतून कोणीतरी ओरडलं. मराठीत. गॅलरीत कोणी नव्हतं. कान वाजत असतील. दोन दिवस उन्हात आहे.

मंगळवार, ७ फेब्रुवारी.

रविवारची नोंद खोटी आहे.

या वहीत मी कधी खोटं लिहिलेलं नव्हतं. आज खोडत नाही, खाली लिहितो. तिसऱ्या नाल्यावर मी हाक दिली आणि उत्तर आलं नाही.

दुसऱ्या नाल्यावर आलं होतं, ते खरं. तिसऱ्यावर मी दोनदा ओरडलो. नुसतं पाणी खळखळत होतं. ११.४० ला माझ्या हिशेबानं तिथं सुका चिखल असायला हवा होता, आणि पाणी घोट्यापर्यंत होतं. रेवदंड्याचा हिशेब इथं लागू नाही. इथल्या दोन भरत्यासुद्धा एकसारख्या नसतात, हे मी काल तक्त्यात वाचलं. काल.

विक्रांत माझ्यामागे तिसरा होता. म्हणाला, काका, पाणी चढतंय, आणि प्रबोधचं उत्तर आलं का? मला नाही ऐकू आलं. मागे फिरायचं म्हणजे त्या सगळ्यांसमोर हिशेब चुकला असं म्हणायचं. विक्रांतसमोर म्हणायचं. मी म्हणालो, आलं, मी ऐकलं, चला. त्याच वेळी माझ्या पाठीवरच्या पिशवीत एक फोन वाजत होता. मी काढून बघितला, प्रबोधचा होता, 'अनघा घर' असं आलं होतं. मी बंद केला.

शेवटचा गडी भक्कम असावा लागतो, हेही मला ठाऊक होतं. तो नाहीतरी मागेच पडणार होता, म्हणून त्यालाच शेवटचा केला.

तो दुसऱ्या आणि तिसऱ्या नाल्याच्या मध्ये आहे. तिथं कोणी शोधत नाही. त्याच्याजवळ एक लिटर पाणी आहे, मीच बाटली तपासली होती.

आज दुपारी तेवढ्यासाठी पोलीस चौकीत गेलो. समोर टेबल, वरती पंखा, अधिकारी सभ्य. मी म्हणालो, सर, त्या तिसऱ्या हाकेबद्दल— आणि माझ्या खुर्चीमागून, हाताच्या अंतरावरून, प्रबोधच्या आवाजात, 'मीच मागे!' खणखणीत.

मी वळलो. भिंत होती. अधिकाऱ्यानं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही. त्यानं जुनाच जबाब वाचून दाखवला आणि बरोबर ना, असं विचारलं. मी सही केली. माझी सही चांगली आहे, सगळे म्हणतात. तशीच आली.

बुधवार, ८ फेब्रुवारी.

कामावर गेलो. त्या माणसाला झाडावर ठेवून कामावर गेलो.

संध्याकाळी सुबोधरावांना सांगायचं ठरवलं. त्यांना खोलीत बोलावलं, दार लावलं. पहिला शब्द काढतो तोच श्रिया दार ढकलून आत. अंकल, समवन ॲट द गेट लाह. वहिनी बाहेरून म्हणाल्या, कोण गं? श्रिया म्हणाली, डोन्ट नो, ही ऑल वेट. ही से ही लास्ट.

संजीवनीवहिनींनी जाऊन पाहिलं. कोणी नाही. म्हणाल्या, समोरच्या घरातला पोरगा असेल, मस्ती करतात. जेवायला वळल्या.

मी गेलो. दाराबाहेरच्या जाळीच्या गेटसमोर फरशीवर काळा चिखल, खारफुटीतला, कुजक्या अंड्याच्या वासाचा. दोन पावलं. एका पायात बूट, एक अनवाणी. अनवाणी पावलाच्या पाचही बोटांचे ठसे स्पष्ट होते. मी फडकं आणून पुसलं. कोणी बघायच्या आत. गुडघ्यावर बसून पुसलं, फडकं पिशवीत बांधून कचरा खाली टाकायच्या शूटमध्ये टाकलं. मग आत येऊन सुबोधरावांना म्हणालो, काही विशेष नव्हतं, बिल कधी भरायचं तेवढं विचारायचं होतं.

तो चिखल सगळं सांगायला पुरेसा होता. मी तो पुसला.

गुरुवार, ९ फेब्रुवारी.

शोध कमी केला. बोट आता दिवसातून एकदाच.

चार दिवस झाले. एक लिटर.

मंडळी रोज कोणी ना कोणी अनघाकडे डबा नेतात. आज माझी पाळी. तिनं मला बसवलं, चहा केला. टेबलावर नकाशा. तिसऱ्या नाल्यापुढचा सगळा भाग तिनं पेन्सिलीनं चौकोन पाडून रंगवला होता, शोधून झालेले चौकोन निळे. इतकं नीटस काम मी स्वतः केलं असतं. दुसऱ्या आणि तिसऱ्यामधला भाग कोरा. तिचं बोट त्याच्यावरून सहज पुढे गेलं.

म्हणाली, काका, तुमच्यामुळे निदान एवढं तरी कळलं, नाहीतर कुठून सुरुवात केली असती?

मी तोंड उघडलं. स्वयंपाकघरातून—

तिनं मान वर केली. म्हणाली, काही ऐकू आलं का हो? मी म्हणालो, नाही.

म्हणजे तिलाही येतं. थोडंसं. मी बोललो की येतं. मी गप्प असलो की गप्प. मी तेव्हा म्हटलं ना, की उत्तर आलं. आता ते येतं. खरं सांगू लागलो की येतं आणि मला खोटं पाडतं.

शुक्रवार, १० फेब्रुवारी.

एमआरटीत, भर गर्दीत, ओठ न हलवता ते वाक्य मनात म्हणून बघितलं: उत्तर आलं नव्हतं.

शेजारची चिनी म्हातारी उठून दुसरीकडे जाऊन बसली. माझ्या मागच्या सीटकडे बघत. ती सीट ओली होती.

विक्रांतचा फोन आला. सावकाश म्हणाला, काका, राग मानू नका, तुम्हाला खरंच ऐकू आलं होतं ना? मला तेव्हा नव्हतं आलं. मी चिडलो. म्हणालो, कान तपासून घे. फोन ठेवला. पोरगा मला दार उघडून देत होता.

शनिवार, ११ फेब्रुवारी.

अनघा म्हणाली, उद्या मला तिथं न्या, जिथं उभं राहून तुम्ही ऐकलंत. मला स्वतः हाक मारायची आहे. सुबोधराव गाडी नेणार.

उद्या सांगणार. आवाज आला तरी सांगणार. त्याच्यावर ओरडून सांगणार. या वेळी छापील तक्ता घेतला आहे. उद्या अकराच्या सुमारास पूर्ण भरती. नऊच्या आत परतायचं.

बूट पुसतोय. काल पुसले होते. आतून ओले—

रविवार, १२ फेब्रुवारी. तिसरा नाला. ८.५२.

सुबोधराव, ही वही तुमच्यासाठी इथं नाल्याकाठच्या खांबावर ठेवतो आहे. तुम्ही गाडी लावून येईपर्यंत आम्ही इथं नसू.

मी तिला सांगितलं. पूर्ण. उत्तर आलं नव्हतं, मी खोटं बोललो, कारण माझा हिशेब चुकला होता आणि मला विक्रांतसमोर ते म्हणवेना. एवढ्याच शब्दांत. तिनं माझ्याकडे बघितलं. अजून रागही नव्हता, फक्त ऐकत होती. एक श्वासभर तिला खरं कळलेलं होतं.

मग झाडांतून आवाज आला. खणखणीत.

तिचा चेहरा— सुबोधराव, मी तो चेहरा लिहू शकत नाही.

मी म्हणालो, हा तो नाही अनघा, हे माझं खोटं आहे, ते बोलतंय. मी तिचं मनगट धरलं. ती म्हणाली, तेव्हाही ऐकून तुम्ही मागे वळला नाहीत काका, आणि आता मलाही अडवता? सोडा. मी सोडलं. ती ओरडत आत गेली, आले रे, आले.

पाणी चढतंय. तक्ता बरोबर आहे.

८.५६. नीट वाचा. पोलिसांना इथून पुढे नेऊ नका. दुसरा आणि तिसरा नाला यांच्यामध्ये. फक्त तिथं. ७ तारखेची नोंद दाखवा. ती खरी आहे, तिच्याखाली आत्ता सही केली आहे. कोणी हाक दिली, उत्तर आलं, तर त्यावर जाऊ नका. डोळ्यांनी बघा. डोकी मोजा.

विक्रांतला सांगा, त्याला ऐकू आलं नव्हतं, ते बरोबर होतं.

तिच्या पिवळ्या ओढणीचं टोक अजून दिसतं, साधारण साठ मीटर. ती थांबली आहे. कोणाशी तरी बोलते आहे. हात पुढे केलाय तिनं. मी हाक मारणार नाही, हाकेचा काही उपयोग नाही, मी जाऊनच— पाणी तिच्या कमरेला असेल, नेमकं सांगता येत नाही, झाडं आड येताहेत, पण तिच्यासमोर जे उभं आहे त्याला पाणी घोट्यापर्यंतच